गर्भ ‘व्यक्ती’ ठरला, तर गर्भपाताच्या हक्काचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बाप वारला तेव्हा आईच्या पोटात असलेल्या मुलाला वारसाहक्क मिळतो. गरोदर बाईला मारहाण करून तिचा गर्भ पाडला, तर तो गुन्हा ठरतो. म्हणजे कायद्याने गर्भाला व्यक्ती मानलंच आहे. मग राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधला जगण्याचा अधिकार त्याला का नाही, आणि असेल तर गर्भपाताला परवानगी देणारा कायदा टिकतो कसा? याला जोडूनच दुसरा प्रश्न आलाय: बायको गर्भपात करायला निघाली असेल, तर नवरा गर्भाच्या वतीने कोर्टात जाऊ शकतो का?

आधी उत्तर देते, कारणं नंतर. भारतीय कायद्यात गर्भ ही व्यक्ती नाही. पण म्हणून बाईला गर्भपाताचा हक्क आपोआप मिळतो, असंही नाही. वाद घालणारे दोन्ही बाजूचे लोक धरून चालतात, की ‘व्यक्ती आहे की नाही’ एवढं एकदा ठरलं की बाकी सगळं मिटलं. गर्भपाताच्या परवानगीच्या याचिका चालवताना मला दिसतं ते वेगळंच. निकाल त्या प्रश्नावर क्वचितच फिरतो. तो फिरतो गर्भाच्या आठवड्यांवर, डॉक्टरांच्या मतावर आणि मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या मंडळाच्या, अहवालावर.

मालमत्तेपासून सुरुवात करू, कारण हा युक्तिवाद तिथेच सगळ्यात जोरकस वाटतो. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ चं कलम २० सांगतं, की मृत्यूच्या वेळी गर्भात असलेलं मूल पुढे जिवंत जन्मलं, तर ते आधीच जन्मलेलं होतं असं धरून त्याला वारसा द्यायचा. सगळी मेख ‘जिवंत जन्मलं तर’ या अटीत आहे. एक हिशेब मांडून बघा. एक हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला. मागे गरोदर बायको आणि म्हातारी आई, मिळकत सगळी स्वकष्टार्जित. पोटातलं मूल मृत जन्मलं, तर निम्मं बायकोला आणि निम्मं आईला. पण मुलगा जिवंत जन्मला आणि तासाभराने गेला, तर त्याचा एक तृतीयांश हिस्सा आधी त्याचा होतो आणि त्याची पहिल्या वर्गातली एकटी वारस म्हणून त्याच्या आईकडे जातो. म्हणजे सुनेला दोन तृतीयांश, सासूला एक तृतीयांश. गर्भ पोटात असतानाच व्यक्ती असता, तर मृत जन्मलेल्या मुलाचाही हिस्सा असाच सुनेकडे वळला असता. तसं होत नाही. त्याला हिशेबात धरतच नाहीत.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ तर याहून पुढे जातो. त्याच्या कलम १३ प्रमाणे, हस्तांतराच्या दिवशी अस्तित्वातच नसलेल्या माणसाच्या लाभासाठी मिळकत बांधून ठेवता येते. अट एवढीच की मध्ये कुणाचा तरी हितसंबंध असावा आणि पुढे त्या न जन्मलेल्याला उरलेलं सगळं मिळावं. त्याची गर्भधारणासुद्धा झालेली असायची गरज नाही. मालमत्तेतला हक्क म्हणजे व्यक्तित्व असं म्हणायचं, तर अजून लग्नही न झालेल्या मुलाची होणारी नातवंडंही आजच व्यक्ती ठरतील. हे कुणीच म्हणत नाही. न जन्मलेल्यासाठी कायदा मिळकत राखून ठेवतो. त्यापलीकडे त्याला त्यात काही म्हणायचं नसतं.

आता फौजदारी बाजू. भारतीय दंड संहितेच्या कलम २९९ च्या तिसऱ्या स्पष्टीकरणात १८६० सालीच लिहून ठेवलं होतं, की आईच्या पोटातल्या मुलाचा मृत्यू घडवून आणणं हा मनुष्यवध नव्हे. मात्र मुलाचा कुठलाही भाग बाहेर आलेला असेल, तर त्याने श्वास घेतलेला नसला तरी सदोष मनुष्यवध होऊ शकतो. १ जुलै २०२४ ला दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम १०० मध्येही हे स्पष्टीकरण कायम आहे. म्हणजे रेघ जन्मावर आहे, आणि ती संसदेने नुकतीच पुन्हा ओढली आहे. गर्भ पाडणं हा वेगळा गुन्हा आहे. पूर्वीचं कलम ३१२, आताचं ८८: शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गर्भाची हालचाल सुरू झालेली असेल तर सात वर्षांपर्यंत. बाईच्या संमतीविना केलं, तर कलम ८९ खाली जन्मठेपेपर्यंत. सर्वात जड शिक्षा संमती नसल्याबद्दल आहे, हे लक्षात घ्या. मारहाणीच्या उदाहरणात कायदा आधी बाईवर झालेला अन्याय बघतो.

याच कलमातली एक गोष्ट मात्र बहुतेकांना माहीत नसते आणि ऐकली की धक्का बसतो. कलम ८८ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे स्वतःचा गर्भ स्वतः पाडणारी बाईही गुन्हेगार आहे. आपल्याकडे गर्भपाताची सुरुवात हक्कापासून होत नाही. ती गुन्ह्यापासून होते, आणि १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा हा त्या गुन्ह्याला काढलेला अपवाद आहे.

तो कायदा आला कसा, हेही बघण्यासारखं आहे. असुरक्षित गर्भपातात बायका मरत होत्या, म्हणून केंद्र सरकारने १९६४ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६६ च्या अखेरीस अहवाल आला, १९७१ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत तीन कारणं होती: बाईच्या आरोग्याचं रक्षण, बलात्कारासारख्या प्रसंगी माणुसकी, आणि व्यंग असलेलं मूल जन्मण्याची शक्यता. गर्भ व्यक्ती आहे का, हा प्रश्न त्यात कुठेच नाही. बाईचा निर्णय घेण्याचा हक्क, हेही नाही. कलम ३ उघडून वाचा: अमुक अटी पाळल्या तर नोंदणीकृत डॉक्टर ‘दोषी ठरणार नाही’. सगळ्या कायद्याचा कर्ता डॉक्टर आहे. बाईला काय हवं आहे हा डॉक्टरने ‘सद्भावनेने’ बनवायच्या मताचा कच्चा माल.

२०२१ च्या दुरुस्तीने, जी २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली, मुदती वाढवल्या पण साचा तोच ठेवला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात, आणि तेही या कायद्याखालच्या नियमावलीतल्या नियम ३ब मध्ये मोजलेल्या गटांतल्या बायकांसाठीच: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, अपंग वगैरे. २४ आठवड्यांनंतर दार फक्त एका कारणासाठी उघडं आहे, ते म्हणजे मेडिकल बोर्डाने निदान केलेलं गर्भातलं गंभीर व्यंग. बाईचा जीव तातडीने वाचवायचा असेल तर कलम ५ आहेच, त्याला आठवड्यांचं बंधन नाही. या मांडणीतली विसंगती उघड आहे. बलात्कारातून राहिलेला निरोगी गर्भ २५ व्या आठवड्यात लक्षात आला, तर कायद्यात त्या मुलीसाठी जागा नाही. तिला उच्च न्यायालयात यावं लागतं. गर्भाला व्यक्ती मानून ही मर्यादा घातली म्हणावं, तर मग व्यंग असलेला गर्भ कमी व्यक्ती असतो का? या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही, कारण कायदा त्या तत्त्वावर बेतलेलाच नाही.

हक्काची भाषा आणली ती न्यायालयांनी. २००९ च्या सुचिता श्रीवास्तव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुनरुत्पादनाचा निर्णय हा अनुच्छेद २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचं सांगितलं. त्याच निकालात, होणाऱ्या मुलाचं रक्षण करण्यात राज्याचं हित असल्याचंही सांगितलं. हा भाग हक्काच्या बाजूने लिहिणारे लोक हळूच गाळतात. राज्याचं हित आणि गर्भाचा मूलभूत अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि न्यायालयाने पहिलीच मानली. मुंबई उच्च न्यायालय सप्टेंबर २०१६ मध्ये त्याहून स्पष्ट बोललं. तुरुंगातल्या गरोदर कैद्यांच्या प्रश्नावर स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत न्या. विजया ताहिलरमानी आणि न्या. मृदुला भाटकर यांनी सांगितलं, की मानवी हक्क जन्मापासून लागू होतात, गर्भाला ते नसतात. मग २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने नियम ३ब अविवाहित स्त्रियांनाही लागू केला आणि, फक्त या कायद्यापुरतं, नवऱ्याने केलेली जबरदस्तीही बलात्कारात धरली.

हे वाचून वाटेल की दिशा ठरली. वर्षभरात ऑक्टोबर २०२३ चं प्रकरण आलं, आणि माझ्या मते या विषयात सगळ्यात बारकाईने वाचावं असं ते हेच. दोन मुलांची आई, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर उपचार चालू, अंगावर पाजत असल्याने पाळी आली नाही म्हणून गर्भ उशिरा कळला. २६ वा आठवडा. ९ ऑक्टोबरला दोन महिला न्यायमूर्तींच्या खंडपीठाने परवानगी दिली. दुसऱ्याच दिवशी दिल्लीच्या एम्स रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ईमेल करून विचारलं: गर्भ निरोगी आहे, आत्ता प्रसूती केली तर तो जगू शकतो, आधी त्याचं हृदय बंद करायचं का, ते न्यायालयाने स्पष्ट सांगावं.

या ईमेलने सगळं प्रकरण फिरलं. कायद्यात ‘गर्भपात’ हा एकच शब्द आहे, पण २६ व्या आठवड्यात त्याखाली दोन वेगळ्या वैद्यकीय कृती येतात. एक, सुईने गर्भाच्या हृदयात पोटॅशियम क्लोराइड सोडून ते थांबवायचं आणि मग प्रसूती करायची. दोन, तसं न करता वेळेआधी प्रसूती करायची. मग बाळ जिवंत आलं तर त्या क्षणी ती संपूर्ण कायदेशीर व्यक्ती असते आणि डॉक्टरांना तिला वाचवावंच लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्येच सांगून ठेवलं होतं, की असं बाळ जिवंत जन्मलं आणि आईबापांना ते नको असेल, तर जबाबदारी राज्याने घ्यायची. म्हणजे आदेशात हृदय थांबवण्याबद्दल काय लिहिलं आहे, त्यावर तासाभराने तिथे रुग्ण एक असेल की दोन हे ठरतं. ११ ऑक्टोबरला खंडपीठ फुटलं. न्या. हिमा कोहली यांनी परवानगी नाकारली, न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी, गर्भ आईवर अवलंबून असल्याने त्याला वेगळं व्यक्तित्व देता येत नाही आणि बाईचा निर्णय वरचढ ठरतो, असं म्हणत परवानगी कायम ठेवली. १६ ऑक्टोबरला सरन्यायाधीशांच्या तीन सदस्यांच्या पीठाने नकार दिला.

नकाराचं कारण नीट वाचा. गर्भाला अनुच्छेद २१ लागू आहे असं पीठाने म्हटलं नाही. २४ आठवडे उलटले आहेत, गर्भात व्यंग नाही, आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही, म्हणून कायद्यात बसत नाही, एवढंच म्हटलं. पण सुनावणीत ‘न जन्मलेल्या बाळाच्या हक्कांचं काय’ ही भाषा वारंवार आली आणि ती तिथे थांबली नाही. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका विधवेला २९ व्या आठवड्याच्या सुमारास दिलेली परवानगी मागे घेतली, त्यासाठी केंद्र सरकारने केलेल्या अर्जात न जन्मलेल्या बाळाच्या जगण्याच्या अधिकाराचाच आधार होता. व्यक्तित्व मागच्या दाराने येतं ते असं. कायदा बदलत नाही, अर्जांची भाषा बदलते.

मेडिकल बोर्डांच्या अहवालातही हेच दिसतं. सोनोग्राफीचे आकडे, वजन, ‘गर्भ टिकण्याजोगा’ हे तपशीलवार असतं. बाईच्या मनावर काय परिणाम होईल याला अनेकदा एक ओळ मिळते, कधी तीही नसते. एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला नेमकं हेच बोर्डांना बजावावं लागलं, की शरीर आणि मन दोन्हींचं मत द्या. त्या प्रकरणात उच्च न्यायालयाने नकार दिला, सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि आठवड्याभराने आईवडिलांचं मन बदलल्यावर ती मागेही घेतली. नियमाप्रमाणे बोर्डाने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत निर्णय द्यायचा असतो. प्रत्यक्षात तालुक्याच्या डॉक्टरने जिल्ह्याला पाठवायचं, जिल्ह्याने मेडिकल कॉलेजला, तिथून वकील, याचिका, ती तातडीने ऐकावी म्हणून कोर्टापुढे मेन्शनिंग, मग कोर्टाच्या आदेशाने पुन्हा बोर्ड. २३ आठवड्यांवर निघालेली बाई आदेश मिळेपर्यंत २५ वर पोचलेली असते आणि मग तिलाच विचारतात, इतका उशीर का केला?

गर्भाला सरळ व्यक्ती ठरवून टाकलं तर काय होतं, याचे प्रयोग इतरत्र झालेले आहेत. आयर्लंडने १९८३ मध्ये घटनादुरुस्ती करून गर्भाचा आणि आईचा जगण्याचा हक्क समान ठरवला. २०१२ मध्ये मूळच्या बेळगावच्या सविता हलप्पनवार तिथे वारल्या. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना दिसत होतं, सविता गर्भपात करा म्हणत होत्या, पण गर्भाचे ठोके चालू होते म्हणून थांबले आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरला. मे २०१८ मध्ये सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी ती दुरुस्ती काढून टाकली. अमेरिकेतल्या अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये १८७२ च्या एका कायद्याखाली गोठवलेल्या भ्रूणांनाही ‘मूल’ ठरवलं. तिथल्या टेस्ट ट्यूब बेबी केंद्रांनी काम थांबवलं आणि मार्चमध्ये विधिमंडळाला घाईने संरक्षण देणारा कायदा करावा लागला. मूल हवं असलेल्यांचेच हाल झाले. एक मात्र नोंदवायला हवं: अमेरिकेत गर्भपाताचा हक्क देणाऱ्या १९७३ च्या रो विरुद्ध वेड निकालात, गर्भ व्यक्ती ठरला तर तो हक्क मागणाऱ्या बाजूचा दावाच कोसळेल, असं न्यायालयानेच कबूल केलं होतं, आणि २०२२ मध्ये तो निकाल उलटवणाऱ्या डॉब्ज निकालाने गर्भ व्यक्ती आहे का यावर मत द्यायचं टाळलं.

माझ्या भूमिकेला खरा अडसर जर्मनीचा आहे. तिथल्या घटना न्यायालयाने १९७५ मध्ये आणि पुन्हा १९९३ मध्ये, न जन्मलेल्या जिवालाही घटनेचं संरक्षण आहे असं सांगितलं. तरीही पहिल्या बारा आठवड्यांत, समुपदेशन घेऊन तीन दिवस थांबल्यावर केलेल्या गर्भपाताला तिथे शिक्षा नाही. कृत्य बेकायदा, पण दंड नाही. तर्काला हे तिरकं वाटतं, पण त्यातून एक गोष्ट सिद्ध होते: गर्भाला जगण्याचा हक्क दिला तरी बाईवर फौजदारी सक्ती करायचीच असं त्यातून निघत नाही. उलट बाजूनेही बघा. जन्मलेलं मूल ही निर्विवाद व्यक्ती आहे, पण त्याला मूत्रपिंड हवं म्हणून १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली कुठलंही कोर्ट बापाला ऑपरेशन टेबलवर झोपवू शकत नाही. दुसऱ्याच्या शरीरावर हक्क हा व्यक्तित्वातून येत नाही. आपल्या कायद्यात मंदिरातली मूर्ती व्यक्ती आहे, कंपनी व्यक्ती आहे. २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेलाही व्यक्ती ठरवलं आणि काही महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कुठल्या कामासाठी आणि किती, हे ठरवूनच कायदा हा दर्जा देतो.

गर्भलिंगनिदानाचा मुद्दा कुणीतरी काढेलच, म्हणून सांगते. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला, केंद्राचा १९९४ चा. तो गर्भपातावर बंदी घालत नाही, लिंग शोधण्यावर घालतो. शिवाय त्याच्या कलम २४ मध्ये, बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी सक्ती केली असं गृहीत धरलं आहे. मुलींविरुद्धचा भेदभाव थांबवायला गर्भाला व्यक्ती करण्याची गरज पडलेली नाही.

आता नवऱ्याचा प्रश्न. गर्भपात कायद्याच्या कलम ३(४) प्रमाणे सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. अल्पवयीन किंवा मानसिक आजार असलेली असेल तर पालकाची लागते. नवऱ्याची कुठेच नाही. गर्भाच्या वतीने पालक म्हणून उभं राहायला आधी ते मूल जन्मलेलं असावं लागतं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एका पुरुषाने आणलेला असा मनाई हुकूम रद्द केला होता. आपल्याकडे एका नवऱ्याने, बायकोने आपल्या संमतीशिवाय गर्भपात केला म्हणून, तिच्यावर आणि डॉक्टरांवर भरपाईचा दावा लावला. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो फेटाळला, सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये तोच निकाल कायम ठेवला.

एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. २००७ च्या समर घोष निकालात, वैद्यकीय कारण नसताना किंवा नवऱ्याच्या संमतीशिवाय वा त्याला न सांगता केलेला गर्भपात ही मानसिक क्रूरता ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे, आणि कुटुंब न्यायालयात घटस्फोटाच्या अर्जात ते हमखास येतं. म्हणजे नवरा गर्भपात रोखू शकत नाही, पण त्यावरून घटस्फोट मागू शकतो. माझ्याकडे येणाऱ्या बाईला मी सांगते, की डॉक्टरांनी नोंदवलेलं कारण, मानसिक आरोग्यासकट, पूर्ण लिहून घे आणि फॉर्म सी ची, म्हणजे संमतीपत्राची, प्रत जपून ठेव. आणि नवरा किंवा सासरचे दवाखान्यात कागद मागायला गेले, तर डॉक्टरला गर्भपात कायद्याचं कलम ५अ दाखव: कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणालाही बाईचं नाव कळवलं, तर डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.